टाय खोचलेला माणूस

टायचे टोक शर्टाच्या दोन गुंड्यांमध्ये खोचले की समजायचे, आता साहेब यंत्र उघडणार. मग यंत्राच्या अंगावर तळहात ठेवून ते हळूच विचारायचे, "काय झालं गं बाय? कुठं दुखतंय?" काम संपून झाकण बसले, की मगच टाय बाहेर यायचा.

एरवी ते मुंबईच्या साहेबासारखे बोलत. यंत्राशी मात्र आपल्या गावच्या, पुणतांब्याकडच्या बोलीत. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस आला असेल, ज्याचे काम बघताना आपण आपले काम विसरतो. माझ्या वाट्याला हे साहेब आले.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नगरहून बी.एस्सी. होऊन मी साखर कारखान्याच्या ऑफिसात लागलो होतो. कारखान्याने एका बड्या परदेशी कंपनीचे हिशेबाचे यंत्र भाड्याने आणले होते. भोके पाडलेली कार्डे त्याच्या तोंडात सरकवायची. ते ती भराभर वाचायचे आणि कोणत्या शेतकऱ्याचा किती ऊस, ते कागदावर छापून द्यायचे. त्यासाठी खास काचेची खोली बांधली होती. आम्ही देवळात जावे तसे बाहेर चपला काढून आत जात असू. यंत्र बिघडले की कंपनी या साहेबांना पाठवी.

एकदा मी धीर करून विचारले, "साहेब, तुमच्या कंपनीत अर्ज करू का?"

"करा की. मी अडलो तर मुंबईचा माणूस फोनवर येतो. तो अडला तर परदेशातला. एवढासा स्क्रू झिजला तरी विमानानं येतो. आमच्या आबाची पेरणीची पाभर मोडली, तर सुतार सापडेपर्यंत वाफसा निघून जातो. कंपनी म्हणजे पाठीशी उभा राहिलेला हत्ती."

"मग वाईट काय?"

"हत्ती कुणीकडं वळणार, हे तो आपल्याला विचारत नाही," ते म्हणाले आणि हसले.

ते का हसले, ते पुढे कळले. आई गेल्यापासून त्यांचे आबा गावी एकटेच होते. दसऱ्याला आबांच्या हातात आपट्याचे सोने द्यावे, म्हणून साहेब दर वर्षी रजा मागत आणि दर वर्षी कुठले तरी यंत्र आडवे येई. त्या वर्षी आबांनी निरोप धाडला होता, "औंदा आला न्हाईस, तर मी दुसऱ्या कुनाचंबी सोनं घेनार न्हाई." आणि त्या वर्षी, कशी कोण जाणे, रजा मिळाली.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते. आमचे शिपाई दगडूमामा भाविक माणूस. काचेच्या खोलीतले यंत्र वगळायचे कसे? त्यांनी त्यालाही झेंडूची माळ घातली, कुंकू लावले आणि नैवेद्याचे गूळ-खोबरे थेट त्याच्या तोंडात सारले. दसऱ्याच्या सकाळी मी चाचणीसाठी कार्डे लावली. यंत्र एकदा घरघरले आणि गप्प झाले.

"अवो, कारडं खातं म्हनल्यावर निवद कुटं ठिवायचा?" दगडूमामा रडवेले झाले.

गळीत हंगाम तोंडावर आलेला. मुंबईला फोन लावला. उत्तर आले, "आमचा माणूस आज तुमच्याच बाजूला निघालाय. श्रीरामपूरला उतरेल." जीप घेऊन मी स्टँडवर गेलो. साहेब उतरले. हातात पिशवी, पिशवीत आबांसाठी कोरे धोतर. समोर पुणतांब्याची एस्टी उभी होती. त्यांनी एकदा एस्टीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"काय झालंय तिला?"

मी सांगितले. ते एस्टीच्या कंडक्टरकडे गेले. "आबाला सांगा, कारखान्यावर अडकलोय. सांजंपर्यंत येतो." आणि जीपमध्ये बसले.

वाटले होते, साहेब दगडूमामांवर भडकणार. पण आत डोकावून ते एवढेच म्हणाले, "मामा, पोट भरलंय तिचं. आता पंगत उठवू या."

मग टाय खोचला. पांढऱ्या फडक्यावर एकेक भाग उतरू लागला: रूळ, स्प्रिंगा, केसासारख्या तारांचे ब्रश. कशालाच खूण केली नव्हती. एवढे सगळे परत जागेवर कसे जाणार, म्हणून मीच मनात भाग मोजू लागलो. ते मात्र गुळाचा कण न् कण टिपत होते, आईने लेकराचे कान साफ करावेत तसे. जेवण नाही, पाणी नाही. मान फक्त खिडकीकडे वळायची, ऊन कुठवर उतरले ते पाहायला.

ऊन कलले तेव्हा काचेपलीकडे एक पागोटे दिसले. आबा स्वतःच आले होते. सोने घेऊन लहानांनी मोठ्यांकडे जायचे असते. इथे म्हातारा लेकाकडे आला होता. त्यांनी हाक मारली नाही. वहाणा काढून, काचेला नाक लावून, लेकाचे हात बघत उभे राहिले.

शेवटचा भाग बसला. बटण दाबले. शेंगांचे पोते ओतावे तसा आवाज करत कार्डे पळू लागली. आबांनी हात जोडले.

"ह्ये तू केलंस?" ते आत येऊन म्हणाले.

"न्हाई आबा. म्या निस्तं दुरुस्त करतो."

"मंग केलं कुनी?"

"लई लोकांनी. मला त्यातलं एकबी ठावं न्हाई."

"अन् तू त्यांना ठावा हायेस?"

तेवढ्यात फोन वाजला. मुंबई होती. सोलापूरला दुसरे यंत्र बंद पडले होते. त्यासाठी नगरहून गाडी गाठायची होती.

आबांना काही सांगावे लागले नाही. त्यांनी कमरेची आपट्याची पाने काढली. साहेबांनी हात पुढे केले आणि मागे घेतले. दोन्ही हात तेलाने काळेकुट्ट होते.

"आबा, सोनं म्या द्यायचं तुला."

"तुला सवड कुटं हाय? धर." आणि टाय खोचलेल्या जागी, त्या दोन गुंड्यांच्या मधून, म्हाताऱ्याने पाने लेकाच्या छातीशी सरकवली. साहेब वाकले. पायांना तेल लागेल म्हणून हात न लावता कपाळच टेकवले. पिशवी आबांच्या काखेत दिली.

मी अर्ज केला आणि मला कंपनीने घेतलेही. तिच्यामुळे आमच्या घराचे चांगले झाले, हे मी विसरत नाही. पण मी मुंबईला पोचलो तोवर साहेबांना परदेशी पाठवले होते. पुन्हा भेट झाली नाही.

त्या संध्याकाळी आबा पुणतांब्याच्या एस्टीकडे निघाले आणि जीप नगरच्या रस्त्याला लागली. झाकण केव्हाच बसले होते. तरी साहेबांचा टाय खोचलेलाच होता. बाहेर काढला असता, तर पाने पडली असती.