वरातीच्या घोडीला मुसकं

माझं लग्न एका घोडीच्या पोटापायी मोडता मोडता राहिलं. घोडी गाभण नव्हती, तिचं ते वयच उरलं नव्हतं. ती नुसती लठ्ठ होती, आणि तिला बारीक करायचं काम मी स्वतःहून, छाती पुढं काढून, अंगावर घेतलं होतं.

घोडी माझ्या थोरल्या चुलत्यांची. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबांची उमेदीची वर्षं रिसाल्यात गेली. रिसाल्यातले घोडे जाऊन मोटारगाड्या आल्या तसे ते पेन्शन घेऊन उंब्रजजवळच्या आमच्या गावी परतले आणि घरात आधी काय आणलं असेल तर ही घोडी. गावात दुसरं घोडं नव्हतं. त्यामुळं ज्याचं त्याचं लग्न तिच्याच पाठीवर. वरात ज्या दारावरून जाई त्या दारात बाया घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवायच्या. गाव उसाचं, गुळाला काय तोटा! लग्नसराई संपली तरी भरवणं संपायचं नाही. होता होता घोडी तोंडानं म्हातारी आणि अंगानं कणगी झाली. मागून पाहिलं तर कणगीला कुणी शेपूट लावलंय असं वाटे.

लढाईमुळं पेट्रोल रेशनवर, तेव्हा माझ्या वरातीला मोटार मिळायची नव्हतीच. मिळती तरी आबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "पुतण्या माझ्या घोडीवर बसंल. घोडी न्हाई, तर मी बी न्हाई." आबांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यावाचून माझं लग्न म्हणजे नवरीवाचून लग्न, असं माझे वडील समजत.

आणि नेमकी त्याच हंगामात घोडी गुऱ्हाळात शिरली. कढईवरची मळी आणि काकवी तिनं मनसोक्त चाटली. सकाळी पाहतो तर पुढचे पाय लांब टाकून, मागं रेलून उभी, पाऊल उचलायला तयार नाही. कऱ्हाडहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी खुरांवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"तवा झालाय नुसता. वजन उतरलं नाही तर पाय कायमचे जातील. मग गोळीच घालावी लागेल."

आबांनी इतक्या लढाया पाहिल्या, पण त्या वाक्याला ते खाली बसले.

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. खुरं निवेपर्यंत विश्रांती. मग मऊ मातीतून रोज थोडं चालवायचं. उपाशी ठेवायचं नाही, पण वाळलं गवत तेवढं बेतानं. हरभरा, गूळ, उसाचं हिरवं वाडं बंद म्हणजे बंद.

मी म्हणालो, "आबा, माझ्यावर सोडा. वैशाखापर्यंत घोडी वेतासारखी करून दावतो."

आबांनी खोगिराचा तंग तिच्या पोटाखालून घेतला. बकलापासून तो वीतभर अलीकडंच संपला. "ह्यो तंग लागला की तू नवरदेव," ते म्हणाले.

खुरं निवली. मी तिला नांगरटीतून फिरवायला काढली. पण नांगरटीकडं जायची वाट गावातून, आणि घोडीच्या लेखी ती वरातीचीच वाट. पहिल्याच दारात ती थांबली. मी ओढलं, ढकललं, हात जोडले. आतून म्हातारी पदरात डाळ घेऊन आलीच.

"मावशे, डॉक्टरनं नको म्हटलंय!"

"त्यो डाक्टर मरूं दे. दारातनं जनावर इन्मुख धाडू व्हय?"

"अगं, तिचं पाय जातील!"

"तुझं लगीन हाय म्हणून तिला वाळवतूयास, भाड्या! सोता मातूर दोन येळंला दूध पितूयास."

हे खरं होतं, आणि तेवढ्यात घोडीनं पदर रिकामाही केला होता. असंच पुढच्या दारात आणि त्याच्या पुढच्या. पंधरा दिवसांनी तंग लावून पाहिला, तर तो आणखी अलीकडं संपला. घोडी चालून चालून वाढली होती.

तेव्हा मला ती नामी युक्ती सुचली. मळणीच्या वेळी बैलांनी कणसांत तोंड घालू नये म्हणून काथ्याचं जाळीदार मुसकं बांधतात. ते मी घोडीच्या तोंडाला बांधलं आणि ऐटीत निघालो. आता आमच्याकडं मुसकं बैलाला बांधलं तर कुणी वळूनही पाहत नाही; घोड्याला बांधलेलं मात्र आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पारावरचा एकजण दबकत म्हणाला,

"का रं गड्या, चावती काय?"

इथं मी "न्हाई, पथ्य हाय," असं म्हणायला हवं होतं. पण पथ्य म्हटलं की डाळ येणार, हे मला पाठ झालं होतं. मी म्हणालो, "व्हय. लय."

जादू झाली! दारं पटापट लागू लागली. डाळ बंद, गूळ बंद. मी मोकळ्या रस्त्यानं राजासारखा घोडी घेऊन जायचा, नांगरटीत चालवून आणायचा आणि घरी मुसकं सोडून वाळलं गवत घालायचा. महिन्या-दीड महिन्यात तंग बकलापर्यंत पोचला. आबा तिच्या फासळ्या चाचपायचे आणि खाकरून दुसरीकडं बघायचे.

इकडं माझं "व्हय, लय" उंब्रजचा बाजार करून पुढं निघालं होतं. बाजारात घोडीनं एकाचा दंड धरला. कऱ्हाडात तिनं शेळी खाल्ली. नवरीचं गाव सांगलीच्या वाटेवर. तिथं पोचेपर्यंत घोडी पिसाळलेली होती. लग्नाला चार दिवस उरले असताना तिकडून निरोप आला, "घोडी आणू नका. आणलीसा तर सोयरिकीचा इचार करावा लागंल."

"माझ्या घोडीला पिसाळ म्हन्त्यात?" आबा कडाडले. "घोडी जानार. तिच्यासंगं मीबी जानार."

घोडी चावते असं पहिल्यांदा कोण बोललं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मीही सुचवलं नाही.

तर लग्नाच्या दिवशी नवरीच्या गावच्या वेशीत आम्ही असे उभे: अलीकडं बँड, वऱ्हाड, आबांच्या हाती मुसकं बांधलेली घोडी, तिच्यावर नाही तर तिच्या बाजूला मी. पलीकडं सासरे काठी घेऊन, आणि मांडवातली सगळी बायामाणसं त्यांच्या पाठीशी.

"आवं मामा, चावत न्हाई," मी म्हणालो. "मी सोता सांगतो."

"दावा मग."

मी मुसकं सोडलं. आणि भरवसा पटावा म्हणून माझं तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं.

तिनं दीड-दोन महिने वाळल्या गवताशिवाय काही पाहिलं नव्हतं, आणि माझ्या मुंडावळ्या मोगऱ्याच्या होत्या. तिनं डावी बाजू हळूच ओठांत घेतली. दात कुठं लावला नाही. सुपारी कातरणाऱ्या म्हातारीसारखी सावकाश, डोळे मिटून, कपाळापर्यंत चघळत आली. मग उजवी. बँड थांबला. मी डोळे मिटले.

"आगं बया!" नवरीची आत्या ओरडली. "पिसाळ कशाची, उपाशी हाय की गं जनावर!"

सासऱ्यांची काठी गळाली. ते हसायला लागले तसे आबा हसले, मग सारी वेस. बायांच्या घोळक्यातून, पदराआडून एक हसू जरा उशिरा आलं आणि थांबायचं नाव घेईना. ते मी आजतागायत घरात ऐकतो आहे.

खोगीर चढलं. आबांनी स्वतः तंग ओढला, बकल लागलं, आणि मी मुंडावळ्यांवाचून घोडीवर बसलो. आबा लगाम धरून पुढं चालले, रिसाल्यात चालत तसे.

पहिल्याच दारात एक बाई ताट घेऊन उभी होती. ताटात डाळ, गूळ, वर पुरणाची पोळी. घोडी थांबली. माझ्या हातात नवरदेवाची कट्यार, तिच्या टोकाला लिंबू. नवरदेवानं आरडाओरडा करायचा नसतो.

"आबा," मी दातांतून म्हणालो, "आबा, पथ्य!"

आबा पुढं बघत होते. त्यांना एकाएकी काही ऐकू येईना.

दुसरं दार. तिसरं दार. मांडव दिसायला लागला तेव्हा माझ्या मांडीखाली तंग करकरत होता.