पूजेला लावलेलं पुस्तक

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरचं एकच पुस्तक होतं आणि ते वर्षभर कुलपात असायचं. खंडेनवमीला तेवढं ते बाहेर निघायचं, आणि त्या दिवशी कुणी ते उघडायचं नाही, कारण ते पूजेला लावलेलं असायचं. पन्नास वर्षं झाली, तरी हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

गोष्ट दुष्काळाच्या आदल्या वर्षाची. राहात्याच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात मी क्लार्क होते. बी.एस्सी. झालेली, लग्न न झालेली, आणि अख्ख्या ऑफिसात एकटी बाई. माझ्याकडे ऊसनोंदीच्या वह्या होत्या. कुणी कुठल्या रानात, कुठल्या तारखेला, कुठल्या जातीचा ऊस लावला, ते गावाप्रमाणे लिहून ठेवायचं. लिहायचं गावाप्रमाणे, पण ऊस तोडायचा लागवडीच्या तारखेप्रमाणे. म्हणून हंगामाच्या तोंडावर सगळ्या वह्या तारखेच्या क्रमाने पुन्हा उतरून काढायच्या. ते संपतं न संपतं तोच वरून निरोप यायचा की आता जातीप्रमाणे यादी द्या. बसा पुन्हा उतरत. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला तेव्हा जो घट्टा पडला तो अजून गेलेला नाही.

आदल्या हंगामात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा ऊस तोडायचाच राहून गेला. त्याचं घर एका गावात, रान शेजारच्या गावच्या शिवारात. तो चार वेळा ऑफिसात आला, चारही वेळा मी त्याच्या घरच्या गावाची वही चाळली आणि नाव नाही म्हणून सांगितलं. पाचव्यांदा आला तो हातात वाळलेला ऊस घेऊन. तो त्याने माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, तुरा येऊन पार चिपाड झालं बगा. नोंद तर म्याच दिली हुती, तुमच्याच हातानं लिवलीत. आता सापडंना म्हन्जी काय?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नोंद शेजारच्या गावच्या वहीत होती, माझ्याच अक्षरात, तारखेची यादी उतरताना सुटलेली. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. नोंद एकदाच लिहावी, आणि पुढे ती नावाने मागा, गावाने मागा, तारखेने मागा, समोर यावी. आज याला डेटाबेस म्हणतात आणि शाळकरी मुलांनाही तो शब्द ठाऊक आहे. मला शब्द ठाऊक नव्हता, पण गरज चांगलीच ठाऊक होती.

आणि त्याच वर्षी पावसाळ्यात नोटीस लागली. ऊसनोंदी भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवून पुण्याच्या एका केंद्रातल्या यंत्राकडून याद्या काढून घ्यायच्या. त्यासाठी आमच्या ऑफिसातल्या एकाला तिकडे प्रोग्रामिंग शिकायला पाठवणार. दिवाळीनंतर केंद्राचे लोक येऊन परीक्षा घेतील, पहिला येईल तो जाईल. मी अर्ज केला. आमच्या साहेबांनीही केला. साहेब म्हणजे ऑफिसचे सुपरिंटेंडेंट, अठ्ठावन्नच्या उंबरठ्यावरचे, रिटायर व्हायला काही महिने उरलेले. बाकीच्यांनी गृहीतच धरलं की साहेब जाणार. मी अर्ज केला याचंच सगळ्यांना हसू आलं.

शिकायचं कशावरून? नगरला पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला दोनदा विषय विचारला आणि म्हणाला, "गाईड निघालं की पोस्टकार्ड टाकतो." ज्या विषयाचं पुस्तकच नाही त्याचं गाईड कुठून निघणार, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण एसटीची वेळ झाली. लायब्ररीत एक इंग्रजी ग्रंथ सापडला. त्याच्या प्रस्तावनेतच लेखकाने लिहिलं होतं की वाचकाला यंत्राची प्राथमिक माहिती आहे असं धरून हे पुस्तक लिहिलं आहे. मला त्या माणसाच्या मुस्काटात मारावीशी वाटली. प्राथमिक माहिती द्यायची सोडून ती आहे असं धरून चालणारी ही जमात मला पुढे जन्मभर भेटत राहिली. पानापानावर "हे उघडच आहे". कुणाला उघड आहे? राहात्याहून पहिल्या गाडीने आलेल्या माणसाला तर काही उघड नव्हतं.

कॉम्प्युटर विकणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीला पत्र लिहिलं, की नवशिक्याने कुठून सुरुवात करावी ते कळवा. महिन्याने गुळगुळीत कागदावरचं रंगीत माहितीपत्रक आलं. त्यात एक सुंदर बाई यंत्राच्या कपाटाला टेकून हसत होती. कुठून सुरुवात करावी ते तिलाही माहीत नसावं.

उरलं साहेबांचं पुस्तक. साहेब दोन वर्षांपूर्वी आठ दिवस मुंबईला व्याख्यानं ऐकून आले होते आणि येताना ते घेऊन आले होते. नोंदींच्या फायली कशा रचाव्यात आणि यंत्राला त्या कशा शोधायला लावाव्यात, नेमकं तेच त्यात होतं. त्याला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं. कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात असायची.

मी मागायला गेले तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, ते टेक्निकल आहे. तुम्हाला नाही झेपायचं. आणि उद्या लग्न करून तुम्ही जाणार, मग शिकून कारखान्याला काय उपयोग?"

"नुसतं चाळायला द्या, साहेब. इथेच बसून बघते."

"मला स्वतःला लागतं ते."

दोन वर्षांत मी त्यांना ते पुस्तक हातात घेतलेलं पाहिलं नव्हतं. तरी मी गप्प बसले, कारण ते साहेब होते आणि मी टेबलापलीकडे उभी होते. त्या गप्प बसण्याचाही मला राग आहे.

मग खंडेनवमी आली. गाळप सुरू व्हायच्या आधीची पूजा. कारखान्यात मिलला, बॉयलरला, ट्रॅक्टरना झेंडूच्या माळा, आणि आमच्या ऑफिसात पाटावर टाइपरायटर, रबरी शिक्के, मोजणीचा टेप, ऊसनोंदीच्या वह्या. त्या सगळ्याच्या वर खाकी कव्हरातलं पुस्तक. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, वर सुपारी, वर फूल. पूजेला लावलेल्या वस्तूला दिवसभर हात लावायचा नाही. सगळे हात जोडून उभे होते, शिपाई मामा प्रसादाचे पेढे वाटत होते, आणि मी त्या पुस्तकाकडे बघत होते. परीक्षेला चार आठवडे उरले होते.

मी पुढे गेले. सुपारी आणि फूल काढून बाजूला ठेवलं आणि पुस्तक उघडलं.

"आवो बाई, काय करताय!" मामांनी पेढ्यांचं ताट खाली ठेवलं. "पुजंला लावलंय न्हवं ते. आज न्हाई उगडायचं!"

"मग कधी उघडायचं, मामा? वर्षभर कुलूप आणि एक दिवस फुलं. त्या टाइपरायटरवर रोज कुणीतरी टाइप करतं म्हणून त्याची पूजा. ह्याची पूजा कशाबद्दल?"

मी खाली बघितलं. पहिल्या पानावर प्रत्येक इंग्रजी शब्दावर बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिला होता. अक्षर साहेबांचं. दुसऱ्या पानावरही तसंच. तिसऱ्यावर अर्थ विरळ झाले होते. पाचव्या पानावर समासात लिहिलं होतं, "समजले नाही". त्याच्या खाली वेगळ्या पेन्सिलीने, "पुन्हा वाचले. समजले नाही". तसंच आणखी दोनदा. सहाव्या पानापासून पुस्तक कोरं होतं. पुढे तर कितीतरी पानांच्या कडाही कापलेल्या नव्हत्या, दोन-दोन पानं एकमेकांना चिकटून तशीच राहिली होती.

मी मान वर केली. साहेब माझ्याकडे बघत होते. मी काय वाचलं ते त्यांना कळलं होतं आणि आम्हा दोघांखेरीज तिथे कुणालाच कळलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. हळू आवाजात म्हणाले, "मिटा ते, बाई."

मी पुस्तक मिटलं. मला दया यायला हवी होती, असं पुढे हे ऐकणाऱ्या बऱ्याच जणांनी सांगितलं. आली नाही. मला संताप आला. "मला कळत नाही", एवढं म्हणायला या माणसाला काय झालं होतं? दोन वर्षांपूर्वी म्हणाले असते तर आम्ही दोघांनी मिळून डोकं लावलं असतं, आणि त्या म्हाताऱ्याचा ऊस वाळलाही नसता कदाचित.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर ऑफिसात आले तर पुस्तक माझ्या टेबलावर होतं. कव्हरावरचं कुंकू तसंच. ते त्यांनी का दिलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझा विजय झाला एवढंच मला दिसत होतं.

आणि मी पाचव्या पानावर अडकले. त्याच पानावर, त्याच ओळीशी. आठ दिवस मी ते पान वाचत होते. त्या समासात माझ्याही चार ओळी मावल्या असत्या.

रविवारी दुपारी चिडून मी घरी ब्लेड घेतलं आणि पुढच्या सगळ्या चिकटलेल्या पानांच्या कडा कापत सुटले. शेवटच्या परिशिष्टात एक चित्र निघालं. यंत्रं येण्याआधी लोक हे काम हाताने कसं करत, त्याचं. कार्डाच्या वरच्या कडेने ओळीत भोकं. प्रत्येक भोकाला एक अर्थ. ती गोष्ट लागू असेल तर त्या भोकापासून कडेपर्यंत कात्रीने फट पाडायची. मग सगळ्या गठ्ठ्याच्या त्या भोकातून सुई घालून गठ्ठा उचलायचा. फटवाली कार्डं आपोआप खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात.

थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या उरलेल्या जाड पत्रिका घरात होत्या. ऑफिसच्या पंचने त्यांना भोकं पाडली, मागच्या कोऱ्या बाजूला एकेका शेतकऱ्याची नोंद लिहिली. पहिलं भोक त्या म्हाताऱ्याच्या गावाचं, दुसरं रान परगावात असल्याचं, तिसरं जानेवारीतल्या लागवडीचं; ज्याला जे लागू, तिथे कात्रीने फट. आईची स्वेटर विणायची सुई घेतली. आईने गठ्ठा धरला, मी दुसऱ्या भोकातून सुई घातली आणि उचललं. तीन पत्रिका सतरंजीवर पडल्या. त्यातली एक त्या म्हाताऱ्याची होती.

"अगं बाई," आई म्हणाली, "हे तर मलाही कळलं!"

मी रडले. पाचव्या पानावर जे चार परिच्छेदांत सांगितलं होतं, ते हेच होतं. सगळ्यात सोपी गोष्ट त्या लेखकाने सगळ्यात शेवटी ठेवली होती, जुनी आणि टाकाऊ म्हणून. त्यानंतर पुस्तक सरळ वाचता येऊ लागलं, कारण यंत्र करतं ते हेच, फक्त पटकन. हे मला आता माहीत होतं.

पत्रिका मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि रोज जेवणाच्या सुट्टीत आमच्या जुन्या रेकॉर्डच्या खोलीत बसून सराव केला. एकदा साहेब दारात येऊन उभे राहिले. डब्याकडे बघत विचारलं, "काय करता, बाई?"

मी झाकण लावलं. "काही नाही, साहेब. लग्नाच्या पत्रिका आहेत."

परीक्षेत प्रश्न त्या पाचव्या पानावरचाच आला. साहेब माझ्या पुढच्या बाकावर होते. त्यांची पाठ मला दिसत होती, आणि ते बराच वेळ लिहीत नाहीत हेही दिसत होतं. मी पहिली आले.

निकालाच्या दिवशी ते पेढा घेऊन माझ्या टेबलाशी आले. तोपर्यंत ते कधी कुणा क्लार्कच्या टेबलाशी आले नव्हते. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाले, "बाई, त्या पाचव्या पानावर काय होतं हो ते? मला सांगाल का?"

डबा माझ्या पायाशी पिशवीत होता, सुईसकट.

मी म्हटलं, "सवडीने सांगावं लागेल, साहेब. पुण्याहून आले की बघू."

शिक्षण तीन महिन्यांचं होतं, पण सगळ्या नोंदी कार्डांवर चढेपर्यंत त्यांनी मला पुण्यातच ठेवून घेतलं. परत आले तेव्हा साहेब रिटायर होऊन त्यांच्या गावी, भंडारदऱ्याच्या बाजूला, गेले होते. तिकडे एसटी जात होती. मी कधी गेले नाही. पुढे मी शेकडो जणांना हे शिकवलं, आणि पहिल्या तासाला तोच डबा आणि तीच सुई काढत आले. एकालाही समजायला पंधरा मिनिटांच्या वर लागली नाहीत.