शिडीचे पाय

धकातेसाहेब गेल्याचा फोन शेजारच्या डॉक्टरांकडे आला, तेव्हा मी दाढी करत होतो. खरं सांगतो, दुःखाच्या आधी भीती वाटली... एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली होती, ती आता राहिलीच. तेरवी होऊन महिना झाला तरी ती भीती गेलेली नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

कन्हानजवळच्या सूतगिरणीत ते मॅनेजर आणि मी त्यांचा स्टेनो. बारा वर्षं. उमरेडच्या विणकराच्या घरातला माणूस, पण ऑफिसात इंग्रजी नाहीतर पुस्तकी मराठी. उमरेडची बोली ते फाटकाबाहेर ठेवून येत. फक्त चिडले की 'का'च्या जागी एक शब्द निसटायचा, "काहून?" तो ऐकला की अख्ख्या गिरणीला घाम फुटायचा. माझी गत तर वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो अशी. माणूस वाईट नव्हता. कामगाराच्या घरी आजारपण आलं तर स्वतःची गाडी पाठवायचे. पण रिकामा माणूस दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा त्यांना एक जण शिडीवर आणि दुसरा खाली नुसता शिडी धरून उभा दिसला. "हा काहून उभा आहे?" त्याच दुपारी मी नोटीस टाइप केली : यापुढे एका कामाला एकच माणूस. चार महिन्यांनी दिवा बदलायला चढलेला कामगार किसन शिडी घसरून पडला आणि गेला. खाली धरायला कोणी नव्हतं. चौकशीत फरशीवर तेल सांडलं होतं असं ठरलं. नोटिशीचा विषय कोणी काढला नाही. तिच्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची म्हणून माझी आद्याक्षरं होती, मीही काढला नाही.

पुढे काही वर्षांनी साहेबांनी राजीनामा दिला आणि विधानसभेला अपक्ष उभे राहिले. ज्याने गिरणी चालवली त्याला मतदारसंघ काय जड, असं म्हणत चारचौघांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. मला म्हणाले, "मुळे, चला." नाही म्हणायची हिंमत कुठली? निवडणूक कचेरीत चिन्हांची यादी पुढे आली. साहेबांनी शिडीवर बोट ठेवलं. "माणूस वर जातो हिच्यावरून," म्हणाले. मला किसन आठवला. बोलायला तोंड उघडलं आणि... "पेन देऊ का?" एवढंच विचारलं.

प्रचाराची पोरं शहरातली, त्यांना काय ठाऊक. गिरणीच्या चाळीत त्यांनी भिंतीभिंतीवर गेरूने शिड्या रंगवल्या. आम्ही सभेला पोचलो तेव्हा चाळ भरून माणसं बसली होती आणि कोणी बोलत नव्हतं. घोषणा, दगड, काहीही चाललं असतं मला, ती शांतता सोसवेना. साहेब माइकसमोर "बंधू-भगिनींनो" म्हणाले आणि पुढून किसनची बायको शेवंता उठली. तिच्याही भिंतीवर शिडी काढली होती.

"साहेब, एवढ्या निशाण्या होत्या. शिडीच काहून घेतली जी?"

साहेबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली.

"मले यादच नाही आली वं बाई."

"आमाले रोज येते," ती म्हणाली आणि खाली बसली.

कोणी हात उगारला नाही. एकेक जण उठून घरी गेला. परतताना जीपमध्ये साहेब माझ्याकडे वळले. "मले भेव वाटून राहिलं, मुळे. माणूस मेला अन् मी विसरलो. तुमाले याद होती काय?"

"नाही जी," मी म्हणालो.

निवडणुकीत पडले. नोकरी पुन्हा केली नाही. धंतोलीच्या घरी असायचे. एक सवय तेवढी जडली. कुठेही शिडी लागलेली दिसली की हातातलं टाकून जायचे आणि तिचे पाय धरून उभे राहायचे. रंगारी असो, शेजाऱ्याचा वायरमन असो. लोक हसायचे. मी दर दिवाळीला सांगायचं ठरवून जायचो आणि चिवडा खाऊन परत यायचो. साहेब काठी टेकत चालू लागले तरी मी त्यांना भीतच होतो. याद होती, तर बोलले काहून नाही? असं त्यांनी विचारलं असतं.

तेरवीला पंगती उठल्यावर मांडववाला कनात सोडायला आला. भिंतीला शिडी लावून चढला. व्हरांड्यात मी एकटाच होतो. कधी उठलो मला कळलं नाही, दोन्ही हातांनी शिडीचे पाय धरले होते.

"रोजचंच काम आहे आमचं, काका," तो वरून म्हणाला. "तुम्ही काहून पकडून राहिले?"

"मले याद होती," मी म्हणालो.

त्याला काय कळणार. तो खाली उतरेपर्यंत मी हात सोडले नाहीत.