खिडकीजवळची खुर्ची

नव्वदच्या दशकात सुरतेच्या विद्यापीठात मी रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा स्टाफरूममधली दाराजवळची खुर्ची माझ्या वाट्याला आली. दार उघडायचं प्रयोगशाळेत, आणि तिथला एक्झॉस्ट पंखा कधीचा बंद. आम्लाची वाफ थेट नाकात. पंख्यासाठी अर्ज करकरून सगळे थकले होते. आमच्याकडे कोणी नोकरी सोडली की फाफडा-जिलेबी व्हायची, आणि त्याच दुपारी उरलेले सगळे आपापलं सामान उचलून खिडकीच्या दिशेने एकेक खुर्ची पुढे सरकायचे. बढती म्हणायची ती हीच!

मीही सरकत गेले. बसल्या जागी पाय हलवायची सवय लागली ती तेव्हाच. तास संपला की स्टाफरूममध्ये जावंसं वाटेना, घरी गेलं की छाती घरघरायची.

खिडकीपाशी आमच्या सीनियर प्राध्यापिका बसायच्या, सगळ्यांच्या बेन. एक दिवस त्याही पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये नोकरीला निघाल्या.

"मिलमध्ये? रंगाच्या वासात?" मी चिडूनच विचारलं.

"त्यां पंखो तो चाले छे," त्या म्हणाल्या. "तू पण चल. जगह है."

खिडकी माझी झाली, पण वाफ तिथवरही पोचायची; खोकला तसाच राहिला. बेन उत्तरासाठी मागे लागल्या होत्या. डिंडोलीला घरी आबांपुढे विषय काढला. वडिलांचं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं, कान जवळजवळ गेलेले. पोरगी प्रोफेसर झाली हे ते गल्लीत ज्याला त्याला ऐकवायचे.

"प्रोफेसरनी खुर्ची कोणी सोडस का?" ते आपल्या अहिराणीत ओरडले.

त्यांचं मन मोडायचा मला धीर होईना. कित्येक रात्री खोकत, तळमळत काढल्या. शेवटी हट्टाने त्यांना ती खुर्ची दाखवायला घेऊन गेले.

इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. आबा खुर्चीत ऐटीत बसले. मी चहा सांगून परतले तर ते उभे, नाकाला रुमाल, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"आठे बसस तू?" खुर्चीकडे बोट दाखवत पहिल्यांदाच ते हळू बोलले.

मला रडूच फुटलं. त्यांनी माझी पर्स उचलली, डबा उचलला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन नेहमीच्या आवाजात ओरडले, "चाल घर!"

मी निघाले. मागे स्टाफरूममध्ये खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.