फ्रँकफर्टला मी अडीच वाजता पोहोचलो

भुताखेताच्या, भासाबिसाच्या गोष्टी कुणी काढल्या की मी आपला उठून जाणारा माणूस. नाशिकला अंबडच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आयुष्य गेलं. जे मोजता येत नाही ते आमच्या लेखी नसतंच. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली… आणि लिहितानाही चिडचिडच होतेय.

२००४ ची गोष्ट. कंपनीने मला तीन महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. धाकटी बहीण नंदा तेव्हा नवऱ्याबरोबर, अविनाशबरोबर, फ्रँकफर्टला राहायची. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. फोनवर म्हणाली, "दादा, एक वाजता मला आत नेणार आहेत. त्याच्या आधी ये. नंतरचं नंतर."

ऐनवेळी एकाच विमानाचं तिकीट मिळालं. त्यावर 'फ्रँकफर्ट-हान' असं छापलेलं. हान म्हणजे एखादं टर्मिनल असेल असं मी धरून चाललो. सकाळी नऊला उतरलो. बाहेर धुकं, शेतं आणि एक बसस्टॉप. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, शहरात जायला मेट्रो कुठून?

"मेट्रो नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "फ्रँकफर्ट इथून सव्वाशे किलोमीटर आहे."

मला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सव्वाशेच. नाशिक रोड स्टेशन शहरापासून लांब म्हणून आम्ही नाशिककर कुरकुर करतो… इथे तर मनमाडच्याही पुढे उतरवून 'आलं तुमचं नाशिक' म्हटल्यासारखं झालं.

दहाची बस भरली. ड्रायव्हरला बहिणीचं सांगितलं, उभा राहून येतो म्हणालो. त्याने मान हलवली — उभ्याने जायला परवानगी नाही. टॅक्सी एकच होती, तीही डोळ्यांदेखत गेली. माझा मोबाइल इंग्लंडबाहेर चालत नव्हता. नाणी टाकून अविनाशला फोन लावला, त्याचा बंद. सव्वाअकराच्या बसमध्ये एकदाची जागा मिळाली, तर हायवेवर पुढे ट्रक आडवा झालेला. तासभर गाडी जागची हलली नाही. एक वाजला तेव्हा मी कोबीच्या शेताकडे बघत बसलो होतो. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता… कुणावर, ते मात्र कळत नव्हतं.

शहरात उतरून ट्राम धरली, ती उलट्या दिशेची निघाली. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते.

अविनाश बाकावर बसला होता. मी माफी मागणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "कुठे गेला होतात दादा? आणि ही बॅग कुठून आणली?"

"विमानतळावरून. आत्ताच येतोय."

तो बाकावरून उठला. "असं काय करताय? साडेअकराला आलात ना तुम्ही. वीस मिनिटं नंदाजवळ बसलात."

"अविनाश, साडेअकराला मी बसमध्ये होतो."

"मी दारात उभा होतो, दादा. तुमची ती अहिराणी चालली होती, मला काही कळलं नाही. पण नंदा हसत होती. आठ दिवसांत पहिल्यांदा. मग 'चहाचं बघतो' म्हणून तुम्ही बाहेर पडलात."

आम्ही मूळचे सटाण्याचे. नंदा आणि मी दोघंच असलो की अहिराणीत बोलायचो. अविनाश पुण्याचा. मी त्याच्यावर भडकलो. टेन्शनमध्ये माणसाला काहीही दिसतं म्हणालो, बसचं तिकीट त्याच्यापुढे धरलं. जवळून जाणारी एक नर्स थांबली आणि मोडक्या इंग्रजीत मलाच धीर देऊ लागली. "तुम्ही भाऊ ना? सकाळी बहिणीने ओळख करून दिली होती. ऑपरेशन अजून चालू आहे."

मी तिकीट खिशात ठेवलं. 

नंदा शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

सटाण्याला आलो तेव्हा आईने एवढंच विचारलं, "तुनी भेट व्हयनी ना रे?" मी हो, झाली म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

गंगापूर रोडला आमच्या शेजारी एक डॉक्टर राहतात. ते म्हणतात, अपराधीपणाने माणसाचं मन असे खेळ करतं. पण मला तर काहीच दिसलं नव्हतं… दिसलं ते त्या दोघांना. माझ्यासारखाच दिसणारा दुसरा कुणी असेल, असंही वाटून पाहिलं. पण जर्मनीत, अहिराणी बोलणारा?

अविनाश अजून म्हणतो, "दादा, तुम्ही आला होतात, ती हसत आत गेली, बस झालं." त्याचं बस झालं असेल. माझं होत नाही. त्या वीस मिनिटांत मी तिला असं काय म्हणालो की ती हसली, हे मला आजही ठाऊक नाही, आणि विचारावं तर ज्याला माहीत आहे असं आता कुणी उरलेलं नाही.