नळाची रजा

चिकलठाण्याच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसचा कारकून होतो, तेव्हा दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. मोर्चा, बंद, कर्फ्यू असला की खाडा माफ. कारण ते मुंबईच्या पेपरात यायचं आणि आमचं हेड ऑफिस मुंबईचं. पण त्या साली पावसानं दडी मारली, नळ दोन दिवसांआड झाले, तेही ऐन पहिल्या पाळीच्या टायमाला. मुंबईच्या पेपरात आमचा नळ कशाला येतोय?

लेथवर एक गडी होता. फर्दापूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला, उस्मानपुऱ्यात खोली करून राहिलेला. हात लई चांगला, पण व्यवहाराची अक्कल नाय. अर्जात कारणापुढं सरळ लिहायचा, 'नळाला पाणी येणार आहे.' बायको बाळंतीण, पाणी भरणारं दुसरं कुणी नाय. पुण्याहून आलेल्या नव्या साहेबांनी त्याला दोन मेमो दिले. तिसरा म्हणजे नोकरी गेली.

"भाऊसाहेब, खरं तेच लिवलं की," तो मला म्हणाला.

"तिथंच तर चुकलं, बाबा."

पुढच्या नळाला तो पुन्हा गैरहजर. मी चरफडत तिसरा मेमो टाइप केला, तर सहीला साहेबच नाहीत. त्यांचं बिऱ्हाडही नुकतंच उस्मानपुऱ्यात आलेलं. सायकल काढून घरी गेलो. साहेब बनियन-लुंगीवर नळापुढं उकिडवे बसलेले, तोंडात रबरी पाइप, पाणी ओढतायत. पाइप काढून म्हणाले, "आधी ती घागर धरा. सहीबिही नंतर." बारा वाजेपर्यंत दोघं भरत होतो. मेमो त्यांनी मागितला नाही, मी खिशातून काढला नाही. मला लई हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कारण: पोटदुखी.

तो मी गुपचूप लेथवाल्याला दाखवला. गडी शहाणा झाला. त्याचंही पोट दर तिसऱ्या दिवशी दुखायला लागलं, साहेब न वाचता सही करायला लागले. बघता बघता आख्ख्या पाळीचं दुखायला लागलं. गड्याची नोकरी वाचली म्हणून मी खुशीत. सगळ्या नोंदी इमानदारीनं केल्या आणि रजांचा तक्ता कारणांसकट मुंबईला धाडला.

तिकडून तातडीचं पत्र आलं. कारखान्यातलं जेवण बाधतंय, कँटीनच्या आचाऱ्याला कमी करा. त्या माणसाच्या हातचं जेवून कुणाला करपट ढेकर आली नव्हती. पत्र मीच टाइप केलं, साहेबांनी मान खाली घालून सही केली.

संध्याकाळी आचारी माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, "भाऊसाहेब, कुणाचं पोट दुखलं तेवढं सांगा. त्याच्या पाया पडून जातो."

मी म्हणालो, "मला काय माहीत नाय."