पोतेवाले सर

पन्नाशी उलटलेला हा माणूस पांढरी पँट घालून भर उन्हात जोरात धावत यायचा, बेस जवळ आला की एक पाय दुमडून जमिनीवर अंग टाकायचा आणि सरकत थेट बेसला जाऊन टेकायचा. मग उठून पँट झटकत विचारायचा, "मोडलं का काही? न्हाई ना? मग आता तुम्ही."

अहमदपूरच्या आमच्या शाळेत हे सर मुलींना बेसबॉल शिकवत. काळ्या मातीची ढेकळं लागू नयेत म्हणून धान्याच्या मोंढ्यातून रिकामी पोती मागून आणत, ती ओली करून अंथरत आणि त्यांच्यावर आम्हाला घसरायला लावत. अंगाला पोत्याचा वास घेऊन मी घरी गेले की आई म्हणायची, "शाळेतून आलीस का हमालीवरून?"

"घसरायचं का न्हाई, ते चार पावलं आधी ठरवा," सर सांगत. "ऐनवेळी ठरवलं की पाय गेलाच समजा." सामन्यात ते तिसऱ्या बेसजवळ उभे राहत. तळवे जमिनीकडे केले की घसरायचं. छातीशी उभे धरले की उभ्यानंच यायचं.

लातूरच्या सामन्यात मी दुसऱ्या बेसवरून सुटले, तेव्हा सरांचे तळवे छातीशी होते. आमच्या मुली त्यांच्या पाठीमागे बसलेल्या, त्यामुळे खूण फक्त मला दिसली. चेंडू अजून लांब होता, घसरायची गरजच नव्हती. पण टाळ्या पडत होत्या आणि मला घसरून दाखवायची हौस आली. शेवटच्या पावलाला अंग टाकलं आणि घोटा मोडला.

दवाखान्यात बाबांनी विचारलं, "हिला खाली पडायला सांगितलं कुणी?"

"मीच," सर म्हणाले. "माझा अंदाज चुकला."

मी गप्प राहिले. बाबांच्या रागाला मी फार भीत असे. त्यांनी शाळेत तक्रार केली आणि मुलींचा संघ बंद झाला. चेंडू फेकणारी आमची पिचर संगीता राज्याच्या निवडीला जाणार होती, तीही घरी बसली. सरांच्या चुकीनं सगळं गेलं, असं मुली धरून बसल्या आणि त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या.

सर मात्र दर रविवारी आमच्या दारात येत. बाबा त्यांना चहाही विचारत नसत. "बोटं हलतात का, बाई?" एवढं विचारून ते परत जात. एकदा मी हळूच म्हटलं, "सर, मी सांगते बाबांना."

"ऱ्हाऊ दे. ते तुझी शाळाच बंद करतील. आधी दहावी हो."

मी दहावी झाले, नोकरीला लागले, तरी सांगितलं नाही. त्याची मला फार लाज वाटते.

गेल्या वर्षी सर गेले. शाळेतल्या शोकसभेत कुणीतरी चांगल्या मनानंच म्हणालं, "ती लातूरची एक चूक सोडली, तर सरांनी मुलींना लई जपलं." पहिल्या रांगेत बाबा मान डोलावत होते. मी उभी राहिले.

"सरांनी उभ्यानंच ये, अशी खूण केली होती. मी माझ्या हौसेनं घसरले."

बाबांची मान थांबली.

बाहेर संगीता चपला घालत होती. ती मला जवळ घेईल असं वाटलं.

"तवाच सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी सरांशी बोलले तरी असते."